मेघमल्हार, पाऊस निरंक

शिरूर मागं पडलं, घोडनदीचा पूल ओलांडून गाडी नगर जिल्ह्यात शिरली, तेव्हा कुठं भाचीनं मांडीवरची कापडी पिशवी सीटवर ठेवली. आइंडहोव्हनहून निघाल्यापासून ती पिशवी तिनं हातातून सोडली नव्हती. विमानातही वरच्या कप्प्यात टाकली नाही. पिशवीत एक रेकॉर्ड होती, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. मूळ रेकॉर्ड १९८२ची, मुंबईत वाजवलेली, एचएमव्हीनं काढलेली. ही मात्र ‘बॉम्बे कनेक्शन’ या डच कंपनीनं २०१०मध्ये नव्यानं काढलेली आवृत्ती. मुंबईत जन्मलेलं हे वादन परदेशातून पुन्हा छापून येऊन आता सुप्याच्या दिशेनं चाललं होतं.

आम्हाला जायचं होतं हिवरे बाजारला. माझ्या मावसभावाची ती सासुरवाडी. त्याचे सासरे निवृत्त शिक्षक आहेत, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो. त्यांच्याकडे एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेअर आहे आणि तो अजून चालतो. भाचीच्या घरी तिकडे उत्तम प्लेअर आहे, मोठे स्पीकर आहेत. पण तिला एक गोष्ट ऐकायची होती. ही रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या घरात ती कशी वाजली असेल?

“मामा, तेव्हाचं यंत्र पाहिजे,” ती फोनवर म्हणाली होती. “तेव्हाची खोली मिळाली तर फारच बरं.”

मी चरणजित सिंगांचा भक्त झालो तो बराच उशिरा. खरं म्हणजे त्यांचं वादन मी लहानपणापासून ऐकत होतो, ते त्यांचं आहे हे ठाऊक नव्हतं. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ १९७१चं. त्यात वाजणारं ट्रान्सिकॉर्ड, म्हणजे विजेवर चालणारं अकॉर्डियन, चरणजित सिंगांचं. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन, साऱ्यांच्या वाद्यवृंदात ते बसत. गिटार, बास, व्हायोलिन, पुढं सिंथेसायझर. मुंबईच्या सिनेसंगीताचा डोलारा अशाच माणसांनी तोललेला होता. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, केरसी लॉर्ड पारशी, एनॉक डॅनियल्स आपल्या पुण्याचे. रेकॉर्डच्या वेष्टनावर नट, गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं असत. ज्याच्या बोटांतून ते सूर निघाले त्याचं नाव क्वचितच. गाणी तोंडपाठ असलेल्या माझ्या पिढीला वाजवणाऱ्यांतली पाच नावंही सांगता येत नाहीत, ही गोष्ट मला अजून बोचते.

एवढं काम करत असताना या माणसानं सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची लहानशी पेटी. गिटार वाजवणाऱ्याला साथीला बास हवा आणि बासवाला मिळत नाही, अशा वेळी त्याच्या जागी ठेवायला म्हणून ती ३०३ केली होती. खऱ्या बासची सर तिला काही केल्या येईना. दोन-तीन वर्षांत कंपनीनं ती बनवणंच बंद केलं. चरणजित सिंगांनी तिच्यावर राग बसवले. तबला बाजूला ठेवला, ८०८चा ताल लावला, खाली ३०३चा खर्ज सोडला आणि वर ज्युपिटरवर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग वाजवले. दोन दिवसांत ध्वनिमुद्रण आटोपलं.

रेकॉर्ड चालली नाही. १९८२ म्हणजे ‘डिस्को डान्सर’चं वर्ष. त्याआधी ‘कुर्बानी’ आणि नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ येऊन गेलेलं. डिस्को आवडणाऱ्यांना गाणं हवं होतं, गळा हवा होता. राग ऐकणाऱ्यांना यंत्राचा ताल चालणार नव्हता. दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले आणि रेकॉर्ड जुन्या बाजारात गेली. पुढं वीसएक वर्षांनी एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात मिळाली. त्यानं मुंबईत वादकाचं घर शोधून काढलं. २०१०ला नवी आवृत्ती निघाली तेव्हा युरोपातल्या कानसेनांना धक्का बसला, कारण अॅसिड हाउस नावाचं जे संगीत १९८७मध्ये शिकागोत ‘फ्यूचर’ नावाच्या तरुण त्रिकुटाच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’नं सुरू झालं असं सगळे मानत होते, त्याच्यासारखंच काहीतरी पाच वर्षं आधी मुंबईत वाजून गेलं होतं. काहींना तर ही बनावट रेकॉर्ड वाटली. आजच्या कुणा खोडकर संगीतकारानं जुनं वेष्टन चढवून फसवलंय, असं ते म्हणाले. मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग स्वतःच ती यंत्रं घेऊन तिकडच्या मंचांवर उभे राहिले, तेव्हा शंका मिटली.

नगरला केडगावात मावसभाऊ गाठला. तो बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. जून संपत आलेला, लग्नसराईचे शेवटचे मुहूर्त. त्या रात्री शेजारच्या गावात हळदीची सुपारी होती, त्यामुळं त्याच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत बॉक्स, मिक्सर, केबलची भेंडोळी असा सगळा सरंजाम भरलेला. भाची त्याच्याशेजारी केबिनमध्ये बसली, मीही दाटीवाटीनं शेजारी. माझी गाडी केडगावातच ठेवली, कारण गप्पा चुकवायच्या नव्हत्या. नेप्ती सोडून कल्याण रस्त्याला लागेपर्यंत वाद पेटला होता.

“दादा, मला एक सांग,” भाऊ म्हणाला, “आपल्या माणसानं आधी केलं ना? मग त्यांनी उचललं म्हणायला काय हरकत आहे?”

“त्यांनी ऐकलेलंच नव्हतं, छोटे मामा,” भाची म्हणाली. “शिकागोतल्या त्या पोरांकडे पैसे नव्हते. ३०३ बंद पडल्यावर जुन्या बाजारात स्वस्त मिळत होती, म्हणून त्यांनी घेतली. तिची बटणं फिरवता फिरवता तो आवाज सापडला.”

“मग आपलं सगळं फुकटच गेलं?”

“फुकट कसं? पुढं ते युरोपात वाजवायचे तेव्हा लोक नाचायचे त्याच्यावर. मालकंसावर नाचायचे! माझ्या ऑफिसातला एकजण गेला होता बघायला. म्हणाला, समोर आजोबा शांतपणे उभे राहून वाजवतायत आणि पोरं घामाघूम. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

ती नेदरलँड्सला गेली २०१६मध्ये. चरणजित सिंग मुंबईत जुलै २०१५ला गेले. त्यांना प्रत्यक्ष ऐकायचं राहिलं याची चुटपुट तिच्या बोलण्यात दर वेळी येते. मलाही आहे, आणि माझी जास्त दुखरी आहे. ते मुंबईत राहत होते. मी पुण्यात होतो. नाव ठाऊक असतं तर घाट उतरून जाण्यापुरतंच अंतर होतं.

त्या वादात मी भावाच्या बाजूनं नव्हतो आणि पूर्णपणे भाचीच्या बाजूनंही नाही. ‘अॅसिड हाउसचा जनक’ ही पदवी तिकडच्या वार्ताहरांनी त्यांना दिली, कौतुकानंच दिली. पण त्या पदवीनं त्यांचं काम लहान होतं असं मला वाटतं. ते कशाच्या तरी आधी आले म्हणून मोठे, असा त्याचा अर्थ निघतो. मला त्यांच्या वादनात ऐकू येतो तो मुंबईचा कसलेला साथीदार, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांना आधार दिला आणि एकदाच दोन दिवस स्वतःसाठी वाजवलं. ३०३ या पेटीत एक सोय आहे, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची. बनवणाऱ्याच्या मनात ती बासवाल्याची नक्कल होती. आपल्या कानाला ती मींड वाटते. हे ज्याला कळेल तो तिच्यावर राग वाजवणारच.

हिवरे बाजारात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांकडे नजर जाते. उतारांवर झाडी आहे आणि झाडीखाली समपातळी चर. पाऊस अजून झालेला नव्हता, तरी डोंगर उघडे दिसत नव्हते. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. शिक्षा म्हणून बदली व्हावी तर हिवऱ्याला, असं एकेकाळी सरकारी नोकर म्हणत, हे गुरुजींनीच मला पूर्वी सांगितलं होतं. दारूच्या भट्ट्या, भांडणं, उन्हाळ्यात टँकर, कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली घरं. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव वळायला लागलं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान. चर खणले, बंधारे घातले. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही. पुढं पाण्याचा ताळेबंद आला. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, किती मुरलं त्याचा हिशोब ग्रामसभेत मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. मुंबईला गेलेली कित्येक कुटुंबं परत आली. पोपटरावांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली, पण गुरुजी बोलतात ते चरांबद्दल.

चहा झाला. गुरुजींनी कपाटावरून फिएस्टा उतरवला, पंच्यानं पुसला आणि स्टुलावर ठेवला. भाचीनं आतल्या कागदातून रेकॉर्ड कडांना धरून काढली. तिचा वजनदारपणा बघून गुरुजी म्हणाले, “आमच्या वेळच्या एवढ्या जाड नसायच्या हो.”

सुई ठेवली. पहिल्याच पट्टीत यंत्राच्या आवाजात शिवाचा मंत्र उमटतो. स्वयंपाकघराच्या दारातून गुरुजींच्या आई डोकावल्या. ऐंशीच्या पुढच्या. “कोण म्हणतंय गं ते, नाकातनं?” त्यांनी भाचीला विचारलं. “मशीन म्हणतंय, आजी.” “असू दे. म्हणतंय तर खरं.”

भैरवी सुरू झाली. मैफल संपवायचा राग इथं पहिल्यांदा येतो, हे मला पहिल्या दिवसापासून विलक्षण वाटत आलं आहे. पण फिएस्टावर भैरवी बारीक, कोरडी वाजत होती. वरचे सूर ठळक, ताल टिकटिकल्यासारखा आणि खाली काहीच नाही. ज्याच्यामुळं जगभरातली पोरं वेडी झाली तो खर्जच गायब. भाची गुडघ्यांवर बसून प्लेअरच्या एवढ्याशा स्पीकरजवळ कान नेऊन ऐकत होती. पाच मिनिटं ती काही बोलली नाही.

“खर्ज येतच नाहीये, मामा.”

“येणार नाही,” भाऊ म्हणाला. “एवढ्या स्पीकरातून कसा येईल? आणि जुन्या रेकॉर्डला एका बाजूला पाच राग होते ना? म्हणजे पंचवीसेक मिनिटं. तेवढं बसवायचं तर खाचा जवळ जवळ घ्याव्या लागतात. खर्ज जास्त ठेवला तर खाच खाचेला भिडते. म्हणजे तो आधीच दाबलेला असणार.”

मी या रेकॉर्डबद्दल बरंच वाचलंय, पण हे कुठं वाचलं नव्हतं. १९८२मध्ये ज्या थोड्या लोकांनी ती विकत घेतली असेल, त्यांनी ती अशाच पेटीवर ऐकली असणार. त्यांना रागांचे सूर ऐकू आले, त्याखाली टिकटिक ऐकू आली, आणि जो या सगळ्याचा प्राण तो ऐकूच आला नाही. मग ती का चालावी? लोकांना कळलं नाही असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

भाऊ उठला. अंगणात त्याची गाडी उभीच होती. गुरुजींची परवानगी घेऊन त्यानं एकच मोठा बॉक्स उतरवला, पंधरा इंची. फिएस्टाला बाहेर तार काढायची सोय नाही, म्हणून मिक्सरला भाचीचा फोन जोडला. “आवाज घरापुरताच,” गुरुजी म्हणाले. मेघमल्हारपासून लावायचं भाचीनं ठरवलं. मूळ रेकॉर्डची दुसरी बाजू तिथून सुरू होत होती.

खर्ज आला तो आधी पायांतून आला. अंगणातल्या फरशीतून. मग ८०८चा ठोका, आणि त्याच्यावर ती चंदेरी पेटी घसरत, वळत, एकाच जागी फिरून पुन्हा खाली जात राहिली. त्याच्यावर मेघ. गंधार नाही, धैवत नाही, रिषभावर ते डोलणं. पाच मिनिटांत राग काय उलगडणार, असा आक्षेप मी स्वतःच पूर्वी घेतला आहे. त्या अंगणात तो मला घ्यावासा वाटला नाही. भाऊ तर बॉक्सला पाठ टेकून बसला होता. तो रात्र-रात्र मिरवणुकीत वाजवतो, खर्ज त्याच्या कामाचा माल आहे, आणि तो डोळे मिटून ऐकत होता.

शेजारचे दोघेतिघे येऊन कठड्यावर बसले. एक म्हणाला, “डीजेच आहे, पण डोकं दुखंना.” एका पोरानं विचारलं, हे कधीचं? बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं म्हटल्यावर त्याला पटेना.

यमन चालू असताना भावानं त्याचा जुना प्रश्न गुरुजींपुढं टाकला. मुंबईत आधी, शिकागोत नंतर, मशीन तेच, आवाज तोच. मग नक्कल कुणी कुणाची केली?

गुरुजींनी थोडा वेळ घेतला. “आपल्या वरच्या विहिरीला आणि पलीकडच्या वाडग्यातल्या विहिरीला एकाच आठवड्यात पाणी चढतं. कुणी कुणाचं चोरतं का? खडक एक आहे.” मग त्यांनी पुढं जोडलं, “आणि इथं अडवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी विहिरीत दिसत नसतं. आम्ही चर खणले तेव्हा पहिली दोन वर्षं लोक विचारायचे, गुरुजी, पाणी गेलं कुठं?”

“पण खणणाऱ्याला ते प्यायला मिळालं पाहिजे की,” भाऊ म्हणाला.

यावर गुरुजी काही बोलले नाहीत. मला भावाचं म्हणणं पटलं. चरणजित सिंगांना मिळालं, ही माझ्या लेखी या सगळ्या हकिकतीतली सर्वांत चांगली गोष्ट आहे. अठ्ठावीस वर्षांनी मिळालं, परक्या देशात मिळालं, पण ते हयात असताना, त्यांच्या हातात तीच वाद्यं असताना मिळालं. त्यांच्या बरोबरीनं वाद्यवृंदात बसलेल्या शेकडो वादकांना तेही मिळालं नाही. त्यांच्या नावाचं वेष्टन कुणी छापलंच नव्हतं, तर ते शोधायला दिल्लीच्या दुकानात कोण जाणार?

बैरागी संपला तेव्हा उन्हं डोंगरामागं गेली होती. पहाटेचा राग, तिन्हीसांजेला. भाऊ बॉक्स गाडीत चढवायला लागला, त्याला हळदीला वेळेत पोचायचं होतं. भाचीनं रेकॉर्ड पुन्हा कागदात सरकवली. आभाळ पश्चिमेला थोडं भरल्यासारखं होतं, पण वारा सुटला आणि ते पांगलं.

गुरुजींनी कोनाड्यातली लांबट वही काढली. पावसाची वही. तारखेचा रकाना, मिलिमीटरचा रकाना, शेऱ्याचा रकाना. नोकरीत होते तेव्हापासून ते दर पावसाळ्यात रोज लिहितात. त्यांनी तारीख घातली, पुढं ‘निरंक’ लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन धरून भाचीकडं पाहिलं.

“वाजवणाऱ्याचं नाव काय म्हणालीस, पोरी? पूर्ण सांग.”

तिनं सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर सुटं काढत ते लिहिलं, वही उजेडात धरून वाचून दाखवलं आणि ‘चरणजित’मधला ‘जि’ ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारून घेतलं.